शिगमो-शिवजयंतीच्या मिरवणुकीत तलवार, लाठी, दांडपट्टा घेणार असाल तर आधी हे करा

मंडळाचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं त्या वर्षी मला वाटलेलं की परवानगी म्हणजे लाउडस्पीकरची आणि रस्त्याची, बस. तलवारींचं काही वेगळं असतं हे डोक्यातच नव्हतं, कारण गोव्यात डिचोली-सत्तरीत लहानपणापासून शिगमोत, म्हणजे होळीच्या वेळच्या उत्सवात, घोडेमोडणीत (कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून करतात त्या नाचात) तलवारी बघत आलो, वीरभद्र दोन्ही हातात तलवारी घेऊन नाचतो ते बघत आलो, त्यात गुन्हा कसला असं वाटायचं. त्याच वर्षी शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्यातल्या एका पोराने ऑनलाइन मागवलेली खरी धारेची तलवार आणली, ट्रकवर चढून फिरवली, कोणीतरी व्हिडिओ टाकला, आणि रात्री पोलिस स्टेशनला दोन वाजेपर्यंत आम्ही बाहेर कट्ट्यावर बसून होतो. त्या पोराची बोटीवर नोकरीला जायची तयारी चाललेली, मेडिकल झालेलं, आणि पोलिसांचं कॅरेक्टर सर्टिफिकेट तिथेच अडकलं. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, पण त्यानंतर दरवर्षी हे सगळं मीच करतो आणि दोन वकिलांकडून एकेक गोष्ट समजून घेतलीय. पहिल्यांदाच मंडळ, मेळ (शिगमोचं पथक) किंवा मर्दानी खेळांचा वर्ग चालवणाऱ्यांसाठी हे आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा, कायदा एक नाही, तीन वेगवेगळे प्रश्न आहेत: वस्तू कसली आहे, त्या दिवशी मनाई आदेश लागू आहे का, आणि गर्दी वागली कशी. एकात सुटलात म्हणून दुसऱ्यात सुटत नाही.

१. मोजपट्टी घ्या आणि यादी करा

मिरवणुकीत जे जे हातात असणार ते सगळं एका ठिकाणी जमवा. तलवार, भाला, दांडपट्टा, लाठी, कुऱ्हाड, कट्यार, लाकडी तलवार, पुठ्ठ्याची ढाल, सगळं. मग प्रत्येकाची लांबी, रुंदी, धातू की लाकूड, धार आहे की नाही हे लिहा.

मोजायचं कशासाठी? शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. त्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले, लढाईच्या कुऱ्हाडी, सुरे ही धारदार शस्त्रं एका वर्गात येतात, आणि पात्याचं माप दिलंय: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद. नऊ इंच म्हणजे साधारण २३ सेंटीमीटर. "किंवा" आहे, "आणि" नाही, हे बऱ्याच जणांचं चुकतं. पातं आठच इंच आहे पण तीन इंच रुंद आहे तरी ते त्यात येतं.

घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू यातून वगळल्यात. कायद्याच्या मूळ व्याख्येतसुद्धा निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठीच बनवलेल्या वस्तू वगळल्यात, आणि उदाहरण म्हणून लाठी आणि साधी हातकाठी यांचं नाव घेतलंय. खेळणं सोडून दुसरं काही होऊच शकत नाही अशा खेळण्यातल्या वस्तूही बाहेर. पण कोयता शेतीचा आहे हे काजूच्या बागायतीत कोणीही मान्य करेल, तोच मिरवणुकीत हवेत फिरवलात तर शेतीचा होता हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.

इथे दोन सापळे. पहिला म्हणजे "धार नाही, शोभेची आहे." स्टीलची बोथट तलवार खेळणं होत नाही, तिला धार लावता येते आणि बोथट असतानाही तिने माणूस जखमी होतो. दुसरा म्हणजे ऑनलाइन साइटवर "डेकोरेटिव्ह" लिहिलंय म्हणून चालतं असं समजणं. विकणाऱ्याने काय लेबल लावलं त्याला कायद्यात काही अर्थ नाही, वस्तू काय आहे ते बघतात. आमच्या पोराकडे बिल होतं, बिलावर डेकोरेटिव्ह होतं, उपयोग शून्य झाला.

२. लायसन्सचा प्रश्न वेगळा काढा

बंदूक, पिस्तूल, काडतुसं यांना शस्त्र कायद्याच्या कलम ३ खाली लायसन्स लागतंच, सगळीकडे. तलवारीसारख्या शस्त्रांचं कलम ४ आहे, त्यात केंद्र सरकारने ज्या भागासाठी आणि ज्या प्रकारच्या शस्त्रासाठी अधिसूचना काढली असेल तिथे लायसन्स लागतं. मोडलं तर कलम २५ खाली जेल आणि दंड. देवस्थानच्या किंवा घरच्या जुन्या तलवारी असतील तर कलेक्टर ऑफिसच्या मॅजिस्ट्रेट शाखेत जाऊन लेखी विचारा की आमच्याकडे अशी अशी वस्तू आहे, आम्हाला काय करावं लागेल. तोंडी विचारून परत येऊ नका, तोंडी उत्तर दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही.

बंदुकीबद्दल थोडक्यात, कारण आमच्याकडे बागायतीत रानडुकरं, गवेरेडे येतात म्हणून पीक संरक्षणाचं लायसन्स बऱ्याच घरांत असतं. ती बंदूक मिरवणुकीत आणायचीच नाही. सार्वजनिक ठिकाणी बंदूक न्यायची तर ती पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असली पाहिजे, मिरवायची नाही, हे २०१६ च्या नियमांत आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाचा गोळीबार हा वेगळा गुन्हा केलाय, लग्न, देऊळ, सभा-समारंभ कुठेही, ज्याने कोणाच्या जिवाला धोका होईल, त्याला दोन वर्षांपर्यंत जेल किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लायसन्स असलं तरी.

३. मनाई आदेश आहे का ते शोधा (हे सगळ्यात महत्त्वाचं)

सगळ्यात जास्त मंडळं इथे अडकतात. जिल्हा मॅजिस्ट्रेट म्हणजे कलेक्टर, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १६३ खाली आदेश काढू शकतात की अमुक भागात अमुक काळात शस्त्रं, लाठ्या, काठ्या घेऊन फिरायचं नाही, किंवा पाचजणांपेक्षा जास्त जमायचं नाही. हेच पूर्वीचं १४४, लोक अजून "एकशे चव्वेचाळीस लागलं" असंच म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला. एक आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो, गरज पडली तर राज्य सरकार तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं.

आता लाठीचं बघा. शस्त्र कायद्यात लाठी वगळली आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, मनाई आदेशात लाठी-काठीचं नाव स्वतंत्रपणे घालता येतं, आणि मग लाठीकाठीचं प्रात्यक्षिक करणाऱ्या दहावीतल्या मुलीसुद्धा आदेश मोडणाऱ्या ठरतात. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम २२३. साधारण सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, आणि मोडण्याने जिवाला धोका किंवा दंगल होण्यासारखं असेल तर एक वर्षापर्यंत किंवा पाच हजारांपर्यंत, किंवा दोन्ही.

आणि आपल्यासारख्या मराठी वाचणाऱ्यांचा खास घोळ असा की व्हॉट्सअॅपवर जे मेसेज फिरतात ते सावंतवाडी-कोल्हापूर-पुण्याकडचे असतात. "महाराष्ट्र पोलिस कायदा कलम ३७ खाली पंधरा दिवसांची शस्त्रबंदी" वगैरे. तो महाराष्ट्राचा कायदा, गोव्यात लागू नाही. उलटंही होतं, तिकडची बंदी संपली म्हणून इकडे कोणी बिनधास्त होतो. बांद्याला पथक घेऊन जाणार असाल तर तिकडचा आदेश बघा, पत्रादेवी ओलांडून इकडे येणाऱ्या पथकाला बोलावत असाल तर त्यांना इकडचा आदेश आधी पाठवा. एकाच टेम्पोत त्याच लाठ्या, पण चेकपोस्ट ओलांडली की कागद बदलतात.

आदेश शोधायचा कुठे? कलेक्टर ऑफिसचा नोटीस बोर्ड, वर्तमानपत्र, मामलेदार कचेरी, आणि सरळ तुमचं पोलिस स्टेशन. निवडणुका लागल्या असतील, कुठल्या गावात तणाव झाला असेल, मोठा व्हीआयपी दौरा असेल, तर आठवड्यात चित्र बदलतं. मी मिरवणुकीच्या आधी पंधरा दिवस, तीन दिवस आणि आदल्या संध्याकाळी असा तीनदा विचारतो.

आदेश असेल तर रडत बसू नका. कलम १६३ मध्येच सोय आहे की ज्याला आदेशाचा त्रास होतो त्याने अर्ज केला तर मॅजिस्ट्रेट तो बदलू किंवा मागे घेऊ शकतात, आणि अर्जदाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. घोडेमोडणीसारखी जुनी प्रथा असेल तर किती वर्षं, कुठल्या मांडावरून (मेळ जमतो ती ठरलेली जागा) कुठपर्यंत, कोण तलवार धरतो, हे सगळं देवस्थान समितीच्या लेटरहेडवर द्या.

"पण ही आमची धार्मिक प्रथा आहे, घटनेने हक्क दिलाय" असं प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच. घटनेच्या कलम १९ मध्ये जमण्याचा हक्क आहे पण शब्द असे आहेत की शांततेने आणि विनाशस्त्र. धर्माच्या कलम २५ मध्ये शस्त्राचं नाव घेऊन दिलेली एकच गोष्ट आहे, शिखांचं कृपाण. आणि सुप्रीम कोर्टात हे प्रकरण गेलेलं आहे, कलकत्त्याच्या आनंदमार्गींना मिरवणुकीत सुरी, त्रिशूळ, कवटी घेऊन तांडव करायचं होतं, कोर्टाने १९८३ मध्ये सांगितलं की रस्त्यावर असं तांडव करणं हा त्यांच्या धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलं की तेच ते मनाई आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हे त्या कलमात अपेक्षित नाही. दोन्ही बाजू माहीत असलेल्या बऱ्या. पण मांडावर उभं राहून पीएसआयशी घटनेवर वाद घालायची ही वेळ नव्हे, तो वाद अर्जात घाला.

४. कवायत आणि सराव

जुन्या कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने दोन खास कलमं घातलेली, फौजदारी प्रक्रियेत १४४अ आणि दंड संहितेत १५३अअ. मिरवणुकीत शस्त्रं नेणं, आणि शस्त्रांसह सामूहिक कवायत किंवा सामूहिक प्रशिक्षण घेणं, यावर सरळ बंदी घालण्यासाठी. त्यात शस्त्राची व्याख्या एवढी मोठी होती की लाठी, दंडा, काठी सगळं आत. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत आणि दोन हजारांपर्यंत दंड. नव्या संहितांमध्ये ही दोन्ही कलमं घेतलेली नाहीत. पण अजूनही लेखांत, भाषणांत त्यांचे नंबर येतात, आणि दुसरीकडे "आता ते कलमच गेलं, आता चालतं" असं सांगणारेही भेटतात. दोघांचंही ऐकू नका. १६३ चा आदेश कवायतीलाही लागू होतो, शस्त्र कायदा तर आहेच.

मर्दानी खेळांचा वर्ग घेत असाल तर माझा सल्ला: सराव लाकडी शस्त्रांनी, बंद मैदानात किंवा सभागृहात, जागेच्या मालकाचं किंवा शाळेचं लेखी पत्र घेऊन. मुलांची यादी, पालकांच्या सह्या, शिकवणाऱ्याचं ओळखपत्र एका फाइलमध्ये. रस्त्यावर रांगेने लाठ्या खांद्यावर टाकून मुलं नेऊ नका, लाठ्या गाठोडं बांधून टेम्पोतून न्या, मुलं वेगळी. बघणाऱ्याला आणि पोलिसालाही यात मोठा फरक दिसतो.

अजून एक, मिलिटरीचे ठिपक्यांचे कपडे. सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून तसे कपडे घालणं हा न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. मुलांना शाळेच्या ग्राउंडवर हौसेने घातले म्हणून कोणी पकडणार नाही, पण पथकाचा युनिफॉर्म म्हणून कशाला निवडायचा? आम्ही पांढरा सदरा आणि भगवा पटका ठेवलाय.

५. अर्ज आणि कागदपत्रं

किमान पंधरा दिवस आधी. शिगमोच्या दिवसांत तर महिनाभर आधी, कारण रोमटामेळ, चित्ररथ, गावोगावच्या मिरवणुका सगळं एकदम येतं आणि ऑफिसात फायलींचा ढीग असतो. एक अर्ज पोलिस स्टेशनला, एक उपजिल्हाधिकारी किंवा कलेक्टर ऑफिसला, एक पंचायत किंवा पालिकेला. प्रत्येकाची पोच सही-शिक्क्यासह घ्या, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

सोबत काय लावायचं:
- मंडळाच्या नोंदणीची किंवा देवस्थान समितीच्या ठरावाची प्रत
- जबाबदार तिघांची नावं, आधार, मोबाइल नंबर
- हाताने काढलेला का होईना पण मार्गाचा नकाशा, सुरू आणि संपण्याची वेळ
- पहिल्या पायरीतली यादी, प्रत्येक वस्तूच्या शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो
- कोणती वस्तू कोणाच्या हातात असणार, नावासकट
- मिरवणूक नसताना ती वस्तू कुठे कुलुपात असणार
- गेल्या वर्षीच्या परवानगीची प्रत असेल तर
- लाउडस्पीकरचा वेगळा अर्ज, रात्री दहा ते सकाळी सहा बंद असतो हे धरून वेळ लिहा

ती फोटोंची यादी हीच खरी ढाल. आम्ही पहिल्यांदा दिली तेव्हा साहेब स्वतः म्हणाले की या तीन तलवारींऐवजी लाकडी घ्या, बाकी ठीक. म्हणजे भांडण टेबलावरच मिटलं. परवानगीच्या कागदावर खाली बारीक अक्षरात अटी असतात, त्या सगळ्या मोठ्याने वाचून मीटिंगमध्ये सांगा. "कोणतेही शस्त्र नाही" ही अट त्यातच असते आणि सेक्रेटरी सोडून कोणी वाचलेली नसते.

६. मिरवणुकीच्या दिवशी

यादीतल्या वस्तूंना रंगीत फीत बांधा. फीत नसलेलं काहीही दिसलं की स्वयंसेवकाने शांतपणे काढून घ्यायचं आणि गाडीत ठेवायचं. यासाठी गावात ज्याचं सगळे ऐकतात असा वयस्कर माणूस लागतो, आमच्याकडे एक निवृत्त मास्तर आहेत, ते "बाबा, दे हांगा" (दे इकडे) म्हणाले की पोरं मुकाट देतात.

कशासाठी एवढं? कारण पाच किंवा जास्त माणसं गैर उद्देशाने जमली की तो बेकायदेशीर जमाव, न्याय संहितेचं कलम १८९. त्यात घातक शस्त्र हातात असेल तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते, आणि "घातक" मध्ये ज्याने मारलं तर माणूस मरू शकतो अशी कुठलीही वस्तू येते, म्हणजे इथे लाठी परत आत आली. दंगा झाला आणि हातात शस्त्र असेल तर कलम १९१ खाली पाच वर्षांपर्यंत. आणि कलम १९० बघा, जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने जे केलं त्याची जबाबदारी त्या वेळी जमावात असलेल्या प्रत्येकावर येते. मागे ढोल वाजवत होतो हे सांगून लगेच सुटका होत नाही. म्हणून दुसऱ्या धर्माच्या जागेसमोर, मार्केटच्या तिठ्यावर, दारूच्या दुकानासमोर मिरवणूक थांबवून तलवारबाजी करायची नाही. थांबायच्या जागा आधीच ठरवा, तिथेच प्रात्यक्षिक. आणि प्यायलेल्या माणसाच्या हातात लाकडी तलवारसुद्धा देऊ नका.

व्हिडिओवालेही सांभाळा. केसमध्ये पुरावा म्हणून तुमच्याच पोरांनी टाकलेली रील लावतात.

७. पोलिसांनी थांबवलंच तर

जे मागतील ते द्या, ओढाताण नको. पोच आणि परवानगीच्या तीन-चार झेरॉक्स वेगवेगळ्या माणसांच्या खिशात असू द्या, एकाच्याच खिशात असल्या आणि त्यालाच गाडीत बसवलं की संपलं. वस्तू जप्त केली तर पंचनामा होतो, इथे पंच म्हणजे पंचायतीचा नव्हे, साक्षीदार. सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं, ते होतंय का ते नम्रपणे विचारा. यादीत लांबी-रुंदी बरोबर लिहिलीय का ते सही करण्याआधी वाचा. सगळा खटला पुढे त्या नऊ इंचांवर येऊ शकतो.

अटक केली तर कारण सांगावं लागतं, चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, पथकात मुली असतील तर हे त्यांच्या पालकांना माहीत असू द्या. अटक न करता हजर राहायची नोटीस दिली असेल, सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, तर ठरल्या तारखेला जाच. नोटीस घरात पडून राहिली आणि मुलगा गेला नाही तर तेवढ्यावरून अटक होऊ शकते.

देवस्थानची जुनी तलवार जप्त झाली असेल तर ती परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो, सुरक्षा संहितेचं कलम ४९७ आणि ५०३. मालकीचा पुरावा लागतो, म्हणून देवस्थानच्या इन्व्हेंटरीत तिची नोंद आणि फोटो आजच करून ठेवा.

आणि ज्याच्यावर केस झाली तो पासपोर्ट काढणारा, बोटीवर किंवा गल्फला जाणारा असेल तर पहिल्याच तारखेला वकिलाला तसं सांगा. कोर्टात केस चालू असताना पासपोर्ट अडवता येतो, पण कोर्टाची परवानगी घेऊन मिळू शकतो, फक्त त्याला अर्ज, तारखा, वेळ लागतो. आमच्या पोराने ते शेवटच्या आठवड्यात सांगितलं. त्याची जागा दुसऱ्याला गेली, पुढचं जॉइनिंग मिळायला चौदा महिने लागले. आता आमच्या मिरवणुकीत फिती बांधायचं काम तोच करतो.